पेटीवरचं कॅमारोसा: स्ट्रॉबेरीच्या वाणांमागची तीनशे वर्षं

डिसेंबर लागला की वाशीच्या फळबाजारात पहाटे महाबळेश्वर-पाचगणीच्या गाड्या उतरतात. कुठला वाण म्हणून विचारलं तर स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन अशी नावं कानावर येतात. फळ सातारा जिल्ह्यातलं, नावं फ्लोरिडा-कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांनी ठेवलेली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो मान इथल्या माती-हवेचा. वाणाची मातृरोपं परदेशातून येतात, वाई-पाचगणीच्या रोपवाटिकांत त्यांचे रनर (जमिनीवर पसरणारे, नवी रोपं देणारे धुमारे) वाढवले जातात, आणि पावसाळा सरता सरता लावणी होते.

या फळाचा जन्मच मुळी अपघाती. फ्रेंच लष्करी अभियंता अमेदे-फ्रान्स्वा फ्रेझिए चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचे स्पॅनिश किल्ले हेरायला गेला होता. १७१४ मध्ये परतताना त्याने चिलीतल्या कन्सेप्सियोनजवळची मोठ्या फळांची रोपं सोबत घेतली. प्रवासात त्यातली पाचच जगली. (फ्रेंच भाषेत स्ट्रॉबेरीला ‘फ्रेझ’ म्हणतात, हेराचं आडनाव फ्रेझिए.) पण ही रोपं मादी निघाली. फुलं यायची, फळ धरेना. पुढे शेजारी उत्तर अमेरिकेतली लहान फळांची जात लावली गेली, तिचे पराग लागले आणि दोघींचा संकर जन्माला आला. हा संकर आहे हे ओळखलं आंत्वान निकोला दुशेन याने, १७६६ मध्ये, वयाच्या अवघ्या १९व्या वर्षी. आज आपण खातो ती जवळपास सगळी स्ट्रॉबेरी याच घराण्यातली.

जमलं कसं? दोन्ही जातींत गुणसूत्रांचे आठ-आठ संच होते, म्हणून. माणसात दोन असतात. स्ट्रॉबेरीच्या एका संचात सात, म्हणजे आठ संचांची मिळून ५६ गुणसूत्रं. या आठ संचांनीच पुढे शास्त्रज्ञांना घाम फोडला. एकाच जनुकाच्या जवळपास सारख्या दिसणाऱ्या आठ प्रती असताना गोडी किंवा रोगप्रतिकार नेमका कुठल्या प्रतीमुळे, हे शोधणं म्हणजे एका चाळीत आठ बिऱ्हाडं, सगळ्यांचं आडनाव एक, आणि पत्रावर खोली नंबर नाही. त्यामुळे आधी दोनच संच असलेल्या रानस्ट्रॉबेरीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, वाचला गेला (२०११, सुमारे २४ कोटी अक्षरं). शेतातल्या स्ट्रॉबेरीचा दर्जेदार जीनोम यायला २०१९ उजाडलं. तो कुठल्या वाणाचा होता? कॅमारोसाचा. वाशीत ऐकू येणाऱ्या त्याच कॅमारोसाचा.

याआधी पैदासकाराकडे डोळे, जीभ आणि सबुरी एवढंच भांडवल होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पैदासकार रॉयस ब्रिंगहर्स्ट याने १९५५ मध्ये युटाच्या वॉसॅच डोंगरातून रानटी रोपं आणली, कारण दिवस लहान असो वा मोठा, त्यांना फुलं येत. तो एक गुण खाण्याजोग्या फळात उतरवून वाण बाहेर काढायला १९७९ उजाडलं. चोवीस वर्षं! आता त्या गुणाची गुणसूत्रावरची जागा माहीत आहे. रोपाला चार पानं फुटली की एक कापायचं, डीएनए तपासायचा, नको ती रोपं शेतात जाण्याआधीच बाद करायची. यात बाहेरचं जनुक घातलं जात नाही. अशा निवडीतून आलेला वाण म्हणजे जीएम (जनुकात फेरफार केलेला) नव्हे; ही गल्लत आपल्याकडे फार होते.

हवा तो गुण ओळखून देणारी डीएनएतली खूण म्हणजे मार्कर. त्याची निकड वाढली ती ओझोनमुळे. मिथाइल ब्रोमाइड वायूच्या धुरीने जमिनीतले रोगजंतू मारले जायचे, पण तो ओझोनचा थर विरवतो. ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल करारामुळे ते बंद होत गेलं आणि कॅलिफोर्नियात फ्युजेरियम बुरशीच्या मर रोगाने डोकं वर काढलं. मग प्रतिकार देणाऱ्या एफडब्ल्यू-१ या जनुकाचा माग काढून त्यावर मार्कर बेतले गेले. असा शोध ज्यांच्या प्रयोगशाळेत लागतो, वाणाचे हक्क आणि परवाना-शुल्कही तिथेच राहतं. मला खटकतं ते इथे.

ब्लूबेरीची गोष्ट मला जास्त आवडते. ती आपल्याकडे पेरू-चिलीहून डबीत येते, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती निव्वळ रानमेवा होती. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी फळं वेचणाऱ्या गावकऱ्यांना मापाच्या भोकाची पट्टी दिली. मोठ्या फळाचं झुडूप दाखवेल त्याला पैसे, शिवाय झुडपाला त्याचं नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी ती झुडपं संकरात वापरली, आणि १९१६ मध्ये लागवडीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

आणि आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातल्या करवंदांचं काय? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने करवंद ही खरी बेरी, स्ट्रॉबेरी नव्हेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हा करवंदाचा वाण दिलाही आहे. पण मे महिन्यात ठाणे स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात मिळते ती डोंगरची काळी मैना जाळीवरून थेट आलेली. कुठली जाळी गोड आणि कुठली नुसतीच चिकाची, ते विकायला बसलेल्या मावशींना पाठ असतं.