ब्रिकोलो नावाचा कोणी नव्हताच

१९६०च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझच्या चित्रपट संग्रहालयाचे रेमों बोर्द यांना काही जुनी रिळं मिळाली. नाव एवढंच: ‘ब्रिकोलो’. आत एक किडकिडीत विनोदी नट आणि त्याची अचाट यंत्रं. मूकपटांच्या इतिहासात हा ब्रिकोलो कुठे सापडेना. पुढे उलगडा झाला, की हा अमेरिकेचा चार्ली बाउअर्स. ‘ब्रिकोलो’ हे त्याचं फ्रान्सपुरतं बारसं.

बाउअर्स मुळात कार्टूनपटांचा माणूस. वृत्तपत्रांतल्या ‘मट अँड जेफ’ या चित्रमालिकेवर त्याने राउल बारे यांच्या जोडीने कार्टूनपट काढले. १९२६ मध्ये तो स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. नट म्हणून बेताचाच. कोऱ्या चेहऱ्याने हसवावं ते मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन यानेच. पण निर्जीव वस्तू हलायला लागल्या की बाउअर्सला तोड नाही. वस्तू केसभर सरकवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायची, असं ते चिकाटीचं काम. ‘एग्ड ऑन’मध्ये हा पठ्ठ्या न फुटणारी अंडी बनवायला निघतो. मोटारीच्या इंजिनाशी ठेवलेली अंडी उबेने फुटतात आणि आतून इवल्याशा मोटारी बाहेर पडतात. ‘नाऊ यू टेल वन’मध्ये तर कलम केलेल्या झाडाला मांजरं येतात! गंमत अशी, की हे सगळं तो रोजचंच असल्यासारखं दाखवतो.

(वस्तू अशा नाचवण्याची युक्ती आपल्याकडे त्याआधीच आली होती, दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या.)

मग विस्मरण कशामुळे? हे दोन रिळांचे छोटे पट मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवायचे. त्यांची जपणूक कोण करणार? त्यात नायट्रेटची फिल्म, पटकन पेटणारी आणि ठेवली तरी कुजणारी. बोलपट आले आणि बाउअर्सची दोन-तीन वर्षांची चलती संपली. १९३०च्या ‘इट्स अ बर्ड’ या बोलपटात त्याने धातू खाणारा पक्षी आणला. स्वप्नासारख्या अचाट कल्पनांवर भाळणारे अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेतों त्यावर खूश झाले, पण तिकीटबारीला त्याचं काय? १९४६ मध्ये तो वारला, तेव्हा प्रेक्षक त्याला विसरून गेले होते.

२००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, त्याचा ‘देअर इट इज’ दाखल झाला. त्यात स्कॉटलंड यार्डचा गुप्तहेर झालेल्या बाउअर्सचा मदतनीस आहे एक किडा. बाउअर्सचे काही पट मात्र अजूनही बेपत्ता आहेत.