हेज कोड म्हणजे अमेरिकेचं सेन्सॉर बोर्ड नाही हो

प्री-कोड हॉलिवूडचा, म्हणजे साधारण 1930 ते 1934 च्या अमेरिकन पिक्चरांचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास ठोकून देतं, "तेव्हा सेन्सॉर नव्हतं म्हणून असले पिक्चर निघाले, मग 1934 ला त्यांचं सेन्सॉर बोर्ड आलं आणि सगळं बंद." एका वाक्यात तीन चुका. सेन्सॉर होतं, 1934 ला जे आलं ते बोर्ड नव्हतं, आणि 'असले पिक्चर' म्हणजे यूट्यूबच्या थंबनेलवर जे दाखवतात तेही नव्हतं. चौथी चूक करणारे त्यांना मूकपट समजतात, त्यांच्याशी वाद नको, हे बोलपट आहेत आणि त्यातली निम्मी मजा बोलण्यातच आहे.

आपलं सेन्सॉर बोर्ड सगळ्यांना पाठ आहे. सरकारी कायदा, पिक्चर तयार करून न्यायचा, ते कट सांगणार, यू, यूए नाहीतर ए देणार, नाही पटलं तर कोर्ट. हे गोऱ्या साहेबापासून चालू आहे, 1918 चा कायदा आणि 1920 पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून अशी बोर्डं. फक्त साहेबाचं लक्ष चुंबनापेक्षा राजकारणावर जास्त, त्यामुळे 1933 च्या 'कर्मा'त देविका राणी आणि हिमांशू रायचं चुंबन चालून गेलं, आणि प्रभातच्या शांतारामबापूंना मात्र शिवाजी महाराजांवरच्या मूकपटाच्या नावातलं 'स्वराज्य' काढून 'उदयकाल' करावं लागलं. तेव्हा "आपल्याकडेही तेव्हा सेन्सॉर नव्हतं, बघा कर्मा" हेही कृपया बंद करा.

हेज कोड म्हणजे पिक्चरमध्ये काय दाखवायचं नाही याची स्टुडिओवाल्यांनी स्वतःच केलेली नियमावली, खाजगी मामला होता. सरकारचा त्यात काडीचा संबंध नाही. 1915 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, अभिव्यक्ती स्वातंत्र्य वगैरे त्याला लागू नाही (हे 1952 ला फिरवलं), त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांची आपापली सरकारी सेन्सॉर बोर्डं बिनधास्त कात्री चालवत होती, एका राज्यात एक सीन गायब तर दुसऱ्यात दुसराच. त्यात वॉशिंग्टनमधून केंद्राचा कायदा येईल ही धास्ती. म्हणून स्टुडिओवाल्यांनी 1922 ला एकत्र येऊन विल हेज नावाचा माजी पोस्टमास्टर जनरल पगारावर ठेवला, आमचं आम्ही बघतो म्हणून. कोडचा मसुदा लिहिला डॅनियल लॉर्ड हे जेझुइट पाद्री आणि मार्टिन क्विग्ली हे सिनेधंद्यातल्या पेपरचे मालक, या दोघांनी, आणि तो मंजूर झाला 31 मार्च 1930 ला. म्हणजे ज्याला आपण प्री-कोड काळ म्हणतो तो मुख्यतः कोड मंजूर झाल्यानंतरचाच आहे! चार वर्षं तो कागदावर पडून होता. मंदीत थिएटरं ओस पडत होती, आणि हेजच्या माणसांनी हरकत घेतलीच तर अपील कोणाकडे, तर इतर निर्मात्यांच्या ज्युरीकडे. आज मी तुझा पिक्चर सोडवतो, उद्या तू माझा सोडव. एकमेकां साह्य करू, फक्त सुपंथ तेवढा सोडून.

1934 ला कॅथलिक चर्चच्या लीजन ऑफ डीसन्सीने बहिष्काराची धमकी दिली तेव्हा मात्र पाचावर धारण बसली. जुलैपासून कोड राबवणारं जोसेफ ब्रीनचं ऑफिस सुरू, ती ज्युरी रद्द, त्यांच्या मंजुरीच्या शिक्क्याशिवाय पिक्चर लावला तर 25,000 डॉलर दंड, आणि मोठी थिएटरं स्टुडिओंच्याच मालकीची असल्याने बिनशिक्क्याचा पिक्चर लावणार कुठे.

आता खरी मेख. सरकारी असो की खाजगी, कापायचं ते कापलंच ना, असं वाटतं, आणि सगळा घोळ इथेच आहे. सेन्सॉर तयार पिक्चरला कात्री लावतं. ब्रीनचं ऑफिस स्क्रिप्ट मागवायचं. शूटिंगच्या आधी पत्रं जायची, हा संवाद नको, ही बाई शेवटी सुखात नको, पाप दाखवलंत तर त्याची भरपाई त्याच पिक्चरमध्ये दिसली पाहिजे. कापलेल्या पिक्चरमध्ये निदान जंप दिसतो, काहीतरी गेलंय हे कळतं. कोडने गोष्टच मुळात बदललेली असते, तिथे शोधणार काय?

'बेबी फेस' घ्या, 1933, बार्बरा स्टॅनविक. गावच्या बापाच्या दारूच्या अड्ड्यातली पोरगी न्यूयॉर्कला येते आणि बँकेत एकेक साहेब पटवत मजला मजला वर जाते. निघण्याआधी एक म्हातारा चांभार तिला नीत्शे हा जर्मन तत्त्वज्ञ वाचून सांगतो की तुझ्यात ताकद आहे, पुरुषांना वापर, त्यांना तुला वापरू देऊ नकोस. न्यूयॉर्क राज्याच्या बोर्डाने पिक्चर नाकारला. मग वॉर्नरने काय केलं, जिथे चांभाराच्या पाठीमागून शॉट आहे, तोंड दिसत नाही, तिथे नवे संवाद डब करून चिकटवले, आणि तोच म्हातारा बरोबर रस्ता चूक रस्ता असलं कीर्तन करायला लागला. शेवटही बदलला. ही सेन्सॉरगिरी, आणि ती 'प्री-कोड' काळातच झाली, सरकारी बोर्डाच्या दट्ट्याने. जोड लक्ष देऊन पाहिला तर पकडता येतो. न कापलेली प्रत 2004 ला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

उलट 'वॉटर्लू ब्रिज'. आपल्याकडे जो तो 1940 चा व्हिव्हियन ली वाला सांगतो, रडारड, रुमाल. त्यात ती बॅलेत नाचणारी सालस मुलगी, होणारा नवरा युद्धात गेला असं समजते, खायला नाही, तेव्हा नाइलाजाने त्या वाटेला लागते, आणि ती काय करते ते कोणी तोंडाने बोलत नाही. 1931 च्या जेम्स व्हेलच्या पिक्चरमध्ये मे क्लार्क सैनिकाला भेटते तेव्हाच त्या धंद्यात आहे. भाडं द्यायचंय, बस. कोणी मेल्याची चुकीची बातमी नाही, सबब नाही. मरतात दोघीही, पण आधीची बाँब पडून, नंतरची स्वतःहून ट्रकखाली, म्हणजे आपल्या पापाचं प्रायश्चित्त घेऊन. 1940 च्या पिक्चरमध्ये एकही सीन कापल्यासारखा वाटत नाही, कारण अडचणीचं जे होतं ते लिहितानाच काढलं होतं. मला तो आवडतही नाही, पण ते जाऊ दे.

त्यामुळे 'बोल्ड' हा शब्द या पिक्चरांना लावला की माझं डोकं फिरतं. 'रेड-हेडेड वुमन' (1932) मध्ये जीन हार्लोचे कपडे आजच्या कुठल्याही वेब सीरिजपुढे सोवळे आहेत. ब्रिटनने त्यावर बंदी का घातली ते शेवट बघून कळतं. दुसऱ्याचा संसार मोडणारी, नवऱ्यावर गोळी झाडणारी ही बाई पॅरिसला श्रीमंत म्हाताऱ्याच्या गाडीत मजेत बसलीय, आणि ड्रायव्हर तिचाच यार. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. हे 1935 ला अशक्य होतं, पाय झाकून सुद्धा.

बघणार असाल तर एवढं करा, 'बेबी फेस' लावण्याआधी लांबी तपासा, 76 मिनिटांचा असेल तर खरा, 71 चा असेल तर कीर्तनवाला. आणि 'बेबी फेस' नि 'रेड-हेडेड वुमन' यातला एकच बघायचा तर हार्लोचा बघा, जास्त निर्लज्ज आहे आणि जास्त हसवतो.