पार्श्वभूमी : विदर्भाच्या कवितेतला बाप

मराठी कवितेत आई आधी आली. यशवंतांची ‘आई’ पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाली. जात्यावर ओवी गाणारीही बाईच, त्यामुळे तिथे बाप दिसतो तो सासरी गेलेल्या लेकीला. मुलाने बापावर लिहायचं तर आधी मुलगा लिहिता व्हायला हवा होता, आणि विदर्भातल्या खेड्यांत त्याला वेळ लागला. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. घरातला पहिला शिकलेला पोरगा नोकरीसाठी शहरात गेला आणि तिथून त्याला गावातला बाप दिसू लागला. या कवितेतला हळवेपणा बराचसा त्या अंतराचा आहे.

पण हा बाप गप्प का? स्वभावच तसा, असं म्हणून भागत नाही. त्याचं मूळ कापसात आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला भाव चढला. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली. ज्वारी पोटाला, कापूस नगदीला, अशी शेतीची वाटणी झाली. नगदी हाती यायची ती सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागल्यावरच. एरवी वर्षभर उधारी. पोराने काही मागितलं तर हो म्हणायला पैसा नाही आणि नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

१९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. खरेदी केंद्रावर भरल्या बैलबंड्यांची रांग लागायची आणि बाप रात्री कापसावरच पडायचा. ग्रेडरने प्रत खाली लावली की घरचा सगळा हिशेब बिघडला. त्यात चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचा पैसा, लांबला तर पोराची परीक्षा फी कुठून भरायची? ती भरली जायची. कशी, ते कोणी विचारायचं नाही.

चांगली बाप-कविता नेमकं इथेच बोट ठेवते. भेगाळलेल्या टाचा आणि भोकं पडलेली बनियन आता इतक्या कवींनी वापरली आहे की त्यात कोणाचाच बाप दिसत नाही. याउलट फीसाठी गवळाऊ जातीचा गोऱ्हा विकायला बाजारात गेला असं कविता सांगते, तेव्हा पुढचं वाचकाला आपोआप कळतं. पोळ्याला सगळा गाव तोरणाखाली उभा असतो आणि हा माणूस ‘पाय दुखून राह्यले’ म्हणून ओट्यावर बसतो. पोरगा सुट्टीत घरी आला की बोलणं एवढंच : ‘कवा आला? जेवला काय?’

२००६ मध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या त्याआधीपासूनच रोजच्या झाल्या होत्या. त्यानंतर बापाच्या न बोलण्याचं कौतुक करणारी कविता निदान मला तरी अवघडून टाकते. अलीकडचे कवीही त्यावर तसे भाळत नाहीत. त्यांच्या कवितेतला मुलगा घरी आला की बापासमोर बसून थेट विचारतो : कर्ज सोसायटीचं किती, कृषी केंद्राचं किती, सावकाराचं किती?