कृष्णधवल फिल्मवरील लाँग एक्स्पोजर निसर्ग छायाचित्रण

कॅमेऱ्याचे शटर काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत उघडे ठेवून कृष्णधवल फिल्मवर निसर्गदृश्य टिपण्याची पद्धत. खडक, बुंधे, धक्के जागचे हलत नाहीत, म्हणून रेखीव येतात. पाणी, ढग आणि गवत आपल्या सगळ्या हालचालींसह एकावर एक उमटत जातात. चालत गेलेला माणूस उमटतच नाही. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू ताँप्लचे चित्र घेतले तेव्हा हीच गोष्ट नाइलाजाने घडली होती: प्लेट इतकी मंद होती की वर्दळीचा रस्ता ओस दिसतो, बूट साफ करून घ्यायला थांबलेला एक जण तेवढा राहिला आहे. आज ती निवड आहे. निसर्ग छायाचित्रकार मायकेल केना यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी दहा तासांपर्यंतची एक्स्पोजर दिली आहेत.

किती वेळ द्यायचा हे पाण्याच्या वेगावर ठरते. अर्ध्या ते एका सेकंदात धबधब्याचे धागे होतात, तीसेक सेकंदांच्या पुढे समुद्राचे धुके होते, आणि बेताच्या वाऱ्यात ढग ओढले जायला दोन ते चार मिनिटे लागतात. दर वेळी धुकेच करायला हवे असे नाही. लाट मागे सरताना घेतलेले दोन सेकंदांचे चित्र पुष्कळदा जास्त बोलके होते.

फिल्मचा वेळ आणि मीटरचा वेळ

प्रकाश निम्मा केला आणि वेळ दुप्पट दिला तर परिणाम तोच, हा नियम बुन्सेन आणि रॉस्को यांनी १८६२ मध्ये मांडला. मंद प्रकाशात फिल्म तो पाळत नाही. सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकावर प्रकाशकण पडला की चांदीचा एक अणू सुटा होतो, पण तो एकटा टिकत नाही. त्याला लगेच सोबत मिळून तीन-चार अणूंचा पुंजका झाला तरच डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) तो स्फटिक काळा करू शकतो. प्रकाशकण रेंगाळत आले, तर पुढचा येईपर्यंत आधीचा अणू विरून गेलेला असतो. यालाच रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात.

म्हणून साधारण एका सेकंदापुढे प्रकाश मोजणाऱ्या मीटरने सांगितलेला वेळ वाढवावा लागतो, आणि किती वाढवायचा हे प्रत्येक फिल्मचे वेगळे असते. इलफर्डच्या फिल्मसाठी मीटरच्या सेकंदांचा ठरावीक घात काढतात: एफपी४ प्लसला १.२६, एचपी५ प्लसला १.३१. म्हणजे मीटरचे ३० सेकंद एचपी५वर ८६ होतात. कोडॅक ट्राय-एक्स फारच खादाड आहे: १० सेकंदांचे ५०, आणि १०० सेकंदांचे तब्बल १,२०० लागतात. फुजी अॅक्रॉसला मात्र १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावे लागत नाही. दीर्घ एक्स्पोजर करणाऱ्यांचा तिच्यावर जीव आहे तो यामुळेच.

एक उदाहरण घेऊ. ढगाळ संध्याकाळ, एफपी४ प्लस, फिल्टर न लावता मोजलेले एक्स्पोजर लेन्सच्या एफ/१६ छिद्राला १/१५ सेकंद. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी राखाडी काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश १,०२४ पट कमी करतो, म्हणून ६८ सेकंद, त्याचा १.२६ घात घेतला की सुमारे २०४, म्हणजे ३ मिनिटे २४ सेकंद. आता आकाश गडद करायला दोन स्टॉप खाणारा नारिंगी फिल्टर जोडला. इथे हमखास चूक होते: २०४ला चारने गुणून साडेतेरा मिनिटे दिली जातात. फिल्टरचा गुणाकार आधी करायचा आणि घात सगळ्यात शेवटी. ६८ गुणिले ४ म्हणजे २७२ आणि त्यावरून जवळपास साडेएकोणीस मिनिटे. उलट क्रमाने निगेटिव्ह अर्धा स्टॉप उपाशी राहते, आणि उपाशी राहतात त्या सावल्या.

सावल्यांना मुळातच कमी प्रकाश मिळतो, म्हणून त्यांचे नुकसान उजळ भागांपेक्षा जास्त होते आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. वाढवलेल्या वेळेने सावल्या सावरतात, पण उजळ भाग गरजेपेक्षा दाट होतात. त्यासाठी डेव्हलपिंगचा वेळ कमी करतात; ट्राय-एक्ससाठी कोडॅकचा सल्ला १, १० आणि १०० सेकंदांना अनुक्रमे १०, २० आणि ३० टक्के कपातीचा आहे. धुकट, सपाट प्रकाशात मात्र ही कपात करू नये, तिथे वाढलेला कॉन्ट्रास्ट हवाच असतो.

प्रत्यक्ष काम

दहा स्टॉपच्या फिल्टरमधून व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे चौकट आणि फोकस आधी पक्के करून मग फिल्टर चढवतात. डिजिटल कॅमेऱ्यात डोकेदुखी ठरणारा फिल्टरचा रंग आणि इन्फ्रारेड गळती इथे फारशी आड येत नाही, कारण साध्या पॅनक्रोमॅटिक (सगळे दृश्य रंग टिपणाऱ्या) फिल्मला इन्फ्रारेड दिसतच नाही. फिल्टरची खरी घनता मात्र छापील आकड्यापेक्षा वेगळी असू शकते, तेव्हा एकदा तपासून घ्यावी.

शटर बी (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे) किंवा टी (पुन्हा दाबेपर्यंत उघडे) वर, आणि स्क्रू आवळून दाबलेली राहणारी केबल रिलीज. इलेक्ट्रॉनिक शटरचे बरेच कॅमेरे बी वर सतत बॅटरी खातात. यांत्रिक शटरला ती चिंता नाही. वेळ संपला की आधी लेन्ससमोर काळे कार्ड धरायचे, मग शटर बंद करायचे, म्हणजे धक्का फिल्मपर्यंत पोचत नाही. घड्याळाकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही: चार मिनिटांत दहा सेकंदांची चूक म्हणजे स्टॉपचा सोळावा भागही नव्हे. सूर्यास्तानंतर मात्र प्रकाश मिनिटागणिक उतरतो, म्हणून लांब एक्स्पोजरमध्ये मध्यावर पुन्हा मोजून वेळ वाढवावा लागतो.

वाळूत ट्रायपॉडचे पाय दाबून रोवावेत. परतणारी लाट खालची वाळू ओढून नेते आणि कॅमेरा मिलिमीटरभर खचला तरी खडकांना दुहेरी कडा येतात. ट्रायपॉडला टांगलेली पिशवी वाऱ्यात झुलत असेल तर ती काढून ठेवलेलीच बरी. मागच्या झाकणाचा झिजलेला फोम किंवा बेलोजमधले (लेन्स आणि फिल्म यांमधल्या घडीच्या भात्यातले) बारीक भोक १/१२५ सेकंदाला कळतही नाही, चार मिनिटांत मात्र निगेटिव्हवर काळा पट्टा येतो. शीट फिल्म (सुट्या पत्र्यांची फिल्म) होल्डरमधून उघडी केल्यावर हवेतल्या दमटपणाने फुगते आणि चित्र हलल्यासारखे येते; डार्क स्लाइड (होल्डरचे सरकते झाकण) ओढून मिनिटभर थांबल्यावरच शटर उघडावे. रोल फिल्मही एक्स्पोजरच्या अगदी आधी पुढे सरकवलेली चांगली.

गुळगुळीत आकाश काहीच लपवत नाही. डेव्हलपिंग टाकी नीट न हलवल्याचे ओघळ आणि फिल्मवर बसलेली धूळ खडकांत खपून जाते, इथे प्रिंटवर ठळक दिसते आणि बारीक कुंचल्याने एकेक पांढरा ठिपका भरत बसावे लागते.