२चा ६७वा घात वजा १: अवयवांविना दिलेल्या निर्णयाची पार्श्वभूमी

२च्या ६७व्या घातातून १ वजा केल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५७ पर्यंतच्या घातांकांच्या यादीत ती मूळ संख्या म्हणून नोंदवलेली होती. त्या यादीत ६७ आणि २५७ चुकीने आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. ६७ हा ६१चा मुद्रणदोष असावा, असा बचाव पुढे करण्यात आला. तो मान्य केला तरी उरलेल्या तीन चुका तशाच राहतात.

१८७६ मध्ये एका फ्रेंच गणितज्ञाने ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले, पण तिचा एकही अवयव दिला नाही, कारण त्याच्या पद्धतीला अवयवाची गरजच नव्हती. ती कसोटी १९३० मध्ये आजच्या सुटसुटीत रूपात आली: ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. येथे अशा ६५ टप्प्यांनंतर बाकी शून्य उरली तर संख्या मूळ, अन्यथा संयुक्त.

पेच या ‘अन्यथा’मध्ये आहे. मध्येच आकडेमोड चुकली तर शेवटी योगायोगाने शून्य येण्याची शक्यता नगण्य असते, म्हणून शून्य आले की हिशेबाची शहानिशा जवळजवळ आपोआपच होते. शून्येतर बाकी मात्र अचूक हिशेबातून येते तशीच चुकलेल्या हिशेबातूनही येते, आणि केवळ ती पाहून दोहोंतला फरक सांगता येत नाही. त्यामुळे ‘संयुक्त’ हा निर्णय तर्काच्या दृष्टीने पूर्ण असला, तरी ज्याने हिशेब स्वतः केलेला नाही त्याला तो विश्वासावरच स्वीकारावा लागतो. अवयव सापडणे ही निव्वळ औपचारिकता होती, असे म्हणणाऱ्यांना ही बाजू पुरेशी दिसलेली नाही, असे मला वाटते.

१९०३ मध्ये १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे अवयव जाहीर झाले आणि पडताळा एका गुणाकारापुरता उरला. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४च्या पटीपेक्षा १ने मोठा असला पाहिजे, हा नियम १६४० पासून ठाऊक होता. लहान अवयव १३४ × १४,४५,५८० + १ असा आहे. अवयवाला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च उरते, या दुसऱ्या अटीने उमेदवार आणखी घटतात, तरीही हाताने करायचे काम प्रचंडच राहते.

संगणक आल्यावरही तो पेच सुटला नाही, कारण यंत्रेही चुकतात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या स्वयंसेवी शोधप्रकल्पात ‘संयुक्त’ हा निकाल दोन स्वतंत्र गणनांच्या अंतिम बाक्या जुळल्यावरच पक्का धरला जात असे. २०२० पासून गणनेसोबत असा पुरावा तयार होतो, की पूर्ण गणना पुन्हा न करता तिची अचूकता थोड्या कामात तपासता येते. २चा १,२७७वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही अवयव अद्याप सापडलेला नाही.