हृदयाची जखम भरते कशी: दाह विझण्याच्या शोधाची पार्श्वभूमी

हार्ट अटॅक येऊन दोन दिवस झाले की काही पेशंटना बारीक ताप चढतो. अंग कोमट लागतं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक घाबरून विचारतात, "डॉक्टर, इन्फेक्शन झालं का हो?" डॉक्टर तेही तपासतातच, पण अनेकदा जंतूंचा काही संबंध निघत नाही. रक्त न मिळाल्याने हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मेलेला असतो आणि तो उपसून काढायला शरीर कामाला लागलेलं असतं. त्या धांदलीचा हा ताप.

या धांदलीला दाह म्हणतात. तो सुरू कसा होतो, यावर वैद्यकाने दोन हजार वर्षं विचार केला. तो संपतो कसा, हे मात्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतच कुणी नेटाने विचारलं. मधल्या काळात या दुर्लक्षाची किंमत पेशंटनी मोजली, म्हणून ही हकिगत सांगावीशी वाटते.

लाली, सूज, ऊब आणि ठणका ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच लिहून ठेवली होती. 1867 मध्ये जर्मनीत कोनहाइमने बेडकाच्या आतड्याच्या पातळ पडद्यावर सूक्ष्मदर्शक धरला, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतून पांढऱ्या पेशी बाहेर निसटताना त्याला दिसल्या. 1882 मध्ये मेचनिकॉफने सिसिलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी काट्याभोवती भक्षक पेशींचा गराडा पडलेला होता. दाह हा शरीराचा बचाव आहे ही कल्पना तिथून रुजली आणि 1908 मध्ये मेचनिकॉफला नोबेल मिळालं. पण हे सगळे जण पेशी कशा येतात तेच बघत होते. काम उरकल्यावर त्या जातात कुठे? ज्वलन संपलं की विस्तव आपोआप विझतो तसंच हेही होत असणार, असं सर्वांनी धरून चाललं.

हृदयाच्या जखमेची तारीखवार नोंद बोस्टनमध्ये झाली. 1939 मध्ये मॅलरी, व्हाइट आणि सालसेडो-साल्गार यांनी अटॅकनंतर दगावलेल्या 72 जणांची हृदयं तपासली. कुणी पहिल्या दिवशी गेलेला, कुणी आठवड्याने, कुणी काही महिन्यांनी. त्यांचे काप क्रमाने लावले की जखम भरण्याचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची झुंबड. मग मॅक्रोफेज या भक्षक पेशी येतात आणि मेलेला स्नायू कडेकडेने पोखरून नेतात. मागोमाग कोवळ्या रक्तवाहिन्या, आणि शेवटी पांढरा, चिवट व्रण. छोटी जखम साधारण पाच आठवड्यांत भरते, मोठी दोन महिन्यांच्या आसपास. पेशंटला सहा आठवडे पलंगावरून उठूच न देण्याच्या त्या काळच्या रीतीला यातून आधार मिळाला. पुढे 1952 मध्ये लेव्हिन आणि लाउन यांनी पेशंटना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ती पकड सैल झाली.

मधली अवस्था नाजूक असते. जुना स्नायू उपसून झालेला आणि नवा व्रण अजून घट्ट झालेला नाही, अशा त्या दिवसांत भिंत अगदी कच्ची असते आणि आतून रक्ताचा दाब धडका देत असतो. भिंत ताणली तर तिथे फुगा येतो, फाटली तर सगळंच संपतं.

आणि इथेच वैद्यकाचा पाय घसरला. दाहामुळे शेजारचा धडधाकट स्नायूही होरपळतो, तर मग दाहच दाबून टाकावा, हा विचार वरवर बिनतोड होता. 1973 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात स्टिरॉइडमुळे मेलेल्या स्नायूचा भाग लहान राहिलेला दिसला आणि आशा वाढली. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेत बर्नाडिन बल्क्ली आणि विल्यम रॉबर्ट्स यांनी स्टिरॉइड घेतलेल्या पेशंटच्या हृदयात जखम भरायला उशीर झाल्याचं आणि भिंतीला फुगा आल्याचं दाखवलं. (याच बल्क्ली पुढे बर्नाडिन हीली या नावाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या.) 1976 मध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे अनेक डोस दिलेल्या पेशंटमध्ये इजा उलट वाढल्याचं निदर्शनाला आलं. 1978 च्या एका प्रयोगाने तर चित्रच समोर ठेवलं: भरपूर स्टिरॉइड दिलेल्या प्राण्यांच्या हृदयात मेलेले तंतू ममीसारखे जसेच्या तसे पडून होते. ते उचलायला कुणी आलंच नव्हतं. पुढे माणसांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्यावर स्टिरॉइडचा धोका पहिल्यांदा वाटला तितका ठळक दिसला नाही हे खरं, पण ठोस फायदाही निघाला नाही. आयबुप्रोफेन आणि इंडोमेथासिन या वेदनाशामक औषधांनी कुत्र्यांच्या हृदयावरचा व्रण पातळ झाला होता. अटॅकनंतर गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या मनाने घेऊ नका, असं डॉक्टर आज बजावतात. त्यांचे इतरही धोके आहेत. कमी डोसच्या ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी दिलेली ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.

दाह दाबणं आणि दाह नीट उरकू देणं यांत फरक आहे, हे कळायला प्रयोगशाळेतून दोन धागे जुळावे लागले.

पहिला धागा मरणाऱ्या पेशींचा. 1989 मध्ये ब्रिटनमध्ये जॉन सॅव्हिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की न्यूट्रोफिल काम झाल्यावर फुटत नाहीत. त्या ठरवून, मुकाट्याने मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना अख्ख्या गिळतात. फुटल्या असत्या तर त्यांच्या पोटातली जहाल रसायनं आजूबाजूला सांडली असती. 1998 मध्ये आणखी कळलं की अशी मेलेली पेशी गिळली की मॅक्रोफेजचा सूरच पालटतो. मग ते भडकवणाऱ्या रसायनांऐवजी शांतवणारी आणि बांधणीला लावणारी रसायनं सोडू लागतात. म्हणजे सफाई हाच विझवण्याचा इशारा.

दुसरा धागा चरबीच्या रेणूंचा. 1984 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत चार्ल्स सेर्हान यांनी हॅमबर्ग आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत माणसाच्या पांढऱ्या पेशींतून लिपॉक्सिन शोधून काढलं. हे रेणू न्यूट्रोफिलना 'आता पुरे' असं सांगतात. पुढे बोस्टनमध्ये सेर्हान यांच्याच गटाला आणखी रेणू सापडले आणि 2002 च्या सुमारास त्यांना रिझॉल्व्हिन हे नाव मिळालं. बांगडा-तारलीच्या तेलात असतात त्या ओमेगा-3 आम्लांपासून शरीर ते घडवतं. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 2001 चा निष्कर्ष: दाह पेटवणारे प्रोस्टाग्लॅन्डिनच काही तासांनी पेशींना लिपॉक्सिन बनवायच्या कामाला लावतात. शेवटाची तयारी सुरुवातीतच झालेली असते. मग सुरुवातच दडपली तर शेवटाचा निरोप कोण देणार? सत्तरच्या दशकातल्या त्या ममींकडे या नजरेने पुन्हा बघावंसं वाटतं.

हृदयात हे सगळं कसं घडतं, ते 2007 मध्ये बोस्टनच्याच नारेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी उंदरांत टिपलं. पहिल्या काही दिवसांत आक्रमक मोनोसाइट, म्हणजे पुढे मॅक्रोफेज होणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, येऊन उपसा करतात, मग दुसऱ्या जातीचे मोनोसाइट येऊन रक्तवाहिन्या आणि कोलॅजन, म्हणजे व्रणाचे चिवट तंतू, उभारायला हातभार लावतात. दोन वर्षांनी कळलं की या पेशींचा मोठा साठा पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, तयार असतो आणि अटॅक येताच तिथून कुमक निघते.

दवाखान्यापर्यंत यातलं थोडंच पोचलंय. 2017 मध्ये जुन्या अटॅकच्या 10,061 पेशंटवर कॅनाकिनुमॅब हे एकच दाहक रसायन अडवणारं इंजेक्शन तपासलं गेलं. मधल्या डोसला पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. ओमेगा-3 च्या कॅप्सूलनी नॉर्वेतल्या वयस्क पेशंटना अटॅकनंतर फायदा दिला नाही. रेणू हाती असणं आणि तो योग्य वेळी योग्य जागी बनणं या दोन गोष्टी आहेत.

उरलं कोल्चिसिन, गाउट या सांधेदुखीचं जुनं औषध. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आपण पाहतो. तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं, आणि कंद खाल्ल्याने माणसं दगावतात. औषध म्हणून दिवसाला अर्धा मिलिग्रॅम एवढीच मात्रा. 2019 च्या चाचणीत अटॅकनंतर तीस दिवसांच्या आत ते सुरू केलेल्यांपैकी 5.5 टक्के जणांना पुढचा हृदयविकार किंवा पक्षाघाताचा त्रास झाला, बिनऔषधी गटात 7.1 टक्के. 2024 मध्ये 7,062 पेशंटवरची त्याहून मोठी चाचणी आली, तिच्यात काहीच फरक दिसला नाही. नेमकं कुठल्या पेशंटला आणि कितव्या दिवशी ते द्यायचं, यावर हृदयरोगतज्ज्ञांची चर्चा अजून चालूच आहे.