सस्तन प्राण्यांचे जातिवृत्त : शरीररचना आणि डीएनए

सस्तन प्राण्यांच्या आज सुमारे ६,५०० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी कोणाचे कोणाशी किती जवळचे नाते आहे आणि दोन गटांचा समान पूर्वज साधारण कधी होऊन गेला, हे शोधणे म्हणजे त्यांचे जातिवृत्त मांडणे. त्यासाठी दोन प्रकारचे पुरावे वापरतात : हाडे, दात, कवटी, स्नायू, भ्रूणाची वाढ अशी शारीरिक लक्षणे आणि डीएनएमधील क्रम. डीएनएच्या पुराव्याने गेल्या तीन-चार दशकांत जुने वर्गीकरण बरेच बदलले. म्हणून शरीररचनेचा अभ्यास कालबाह्य झाला असे मात्र नाही. दोन्ही पुरावे फसतात, आणि एकाची चूक बहुधा दुसऱ्यामुळेच उघडी पडते.

साम्य दिसले की नाते आहेच असे नसते. समान पूर्वजाकडून आलेले साम्य आणि सारख्या राहणीमुळे स्वतंत्रपणे आलेले साम्य वेगळे काढावे लागते. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये यात आणखी एक काटेकोर अट घातली : केवळ जुने समान लक्षण पुरेसे नाही, एखाद्या शाखेत नव्याने उपजलेले आणि तिच्या वंशजांत दिसणारे लक्षणच त्या शाखेचा पुरावा ठरते. केस आणि दूध सर्वच सस्तनांत असल्यामुळे वाघ घोड्याला जवळचा की वटवाघळाला, हे त्यांवरून कळत नाही. तरीही संपूर्ण वर्गाचा उगम समजून घ्यायला शरीररचना अतिशय समर्थ आहे. सरीसृपांच्या जबड्याच्या सांध्यातील दोन हाडे सस्तनांच्या मध्यकर्णात हातोडी आणि ऐरण बनली, हे शरीररचनातज्ज्ञ कार्ल राइखर्ट यांनी १८३७ मध्ये भ्रूणांवरून दाखवले. पुढे जीवाश्मांत या बदलाचे मधले टप्पेही सापडले.

अडचण येते ती अभिसारी उत्क्रांतीची, म्हणजे सारख्या राहणीमुळे वेगळ्या वंशांत सारखे रूप येण्याची. जमीन पोखरणारे युरोपातील मोल, आफ्रिकेतील सोनेरी मोल आणि ऑस्ट्रेलियातील शिशुधानी (पिलू पोटावरच्या पिशवीत वाढवणारा) मोल तिघेही आखूड मानेचे, फावड्यासारख्या पंजांचे आणि अधू डोळ्यांचे. पण तिघे तीन वेगळ्या वंशांतले आहेत. खवल्या मांजराला दात नाहीत आणि जीभ लांब आहे, म्हणून त्याला पूर्वी दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊंच्या शेजारी बसवत. डीएनएवरून त्याचे सर्वांत जवळचे आप्त निघाले मांजर, कुत्रा, अस्वल यांचा मांसाहारी गण.

डीएनएची तुलना करताना वेगवेगळ्या जातींतील एकच जनुक घेऊन त्याची अक्षरे एकाखाली एक जुळवतात. कोठे अक्षर बदलले, कोठे गळले, कोठे वाढले, हे पाहून आणि बदलांच्या वेगाचे गणिती प्रारूप वापरून सर्वांत संभाव्य वंशवृक्ष काढतात. याखेरीज जीनोममध्ये, म्हणजे जीवाच्या संपूर्ण डीएनएमध्ये, आपली प्रत दुसरीकडे घुसवणारे काही तुकडे असतात. दोन जातींत नेमक्या त्याच जागी तोच तुकडा स्वतंत्रपणे शिरणे फारच दुर्मीळ, त्यामुळे ही खूण विशेष भरवशाची मानतात.

या पद्धतीतून निघालेला सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष म्हणजे आफ्रोथेरिया. हत्ती, समुद्रगाय, हायरॅक्स, आर्डवार्क, हत्ती-चिचुंद्री, टेनरेक आणि सोनेरी मोल हे सारे आफ्रिकेत उगम पावलेल्या एकाच शाखेचे आहेत, असे जनुकांवरून दिसले आणि १९९८ मध्ये तिला हे नाव मिळाले. यांतले टेनरेक आणि सोनेरी मोल तोवर कीटकभक्षी गणात गणले जात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी अपरा (वार) असलेल्या सस्तनांचे चार प्रमुख समूह निश्चित केले, त्यांपैकी आफ्रोथेरिया हा एक. शरीरात मात्र या नात्याची खूण कोणाला दिसली नव्हती. डीएनएने बोट दाखवल्यावर शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा यांतील बऱ्याच प्राण्यांत धड-कमरेच्या मणक्यांची वाढलेली संख्या आणि कायमचे दात उशिरा येणे ही लक्षणे आढळली. ती आधीही तिथेच होती.

देवमाशांच्या बाबतीत दोन्ही पुराव्यांचा वाद अधिक रंगला. दातांच्या साम्यावरून १९६० च्या दशकापासून मेसोनिकिड या नष्ट झालेल्या मांसभक्षी, खुरी प्राण्यांना देवमाशांचे पूर्वज मानत. रक्तद्रवाच्या चाचण्यांनी मात्र १९५० मध्येच समखुरी (गाय, हरीण, डुक्कर यांसारख्या) प्राण्यांकडे निर्देश केला होता. १९९० च्या दशकात जनुकांनीही तेच सांगितले आणि एक पाऊल पुढे जाऊन देवमासा पाणघोड्याच्या सर्वांत जवळ नेऊन ठेवला. १९९९ मध्ये घुसखोर तुकड्यांच्या जागांनी त्याला दुजोरा दिला. जीवाश्मतज्ज्ञांचा आक्षेप रास्त होता : समखुरींची ओळख असलेले, दोन्ही टोकांना कप्पीसारखे असलेले घोट्याचे हाड देवमाशांच्या पूर्वजांत कुठे दिसते? ते २००१ मध्ये मिळाले. पाकिस्तानातील प्राचीन, पाय असलेल्या देवमाशांच्या सांगाड्यांत नेमके तेच हाड होते. जम्मू भागातील कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमवलेल्या खडकांतून पुढे इंडोहायस या छोट्या समखुरी प्राण्याच्या कवट्या निघाल्या. त्याच्या कानाचे हाड देवमाशांप्रमाणे जाड असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

डीएनएनेही चुका केल्या आहेत. १९९० च्या दशकात मोजक्या जातींच्या डीएनएवरून गिनीपिग कृंतक (उंदीर, खार यांच्या गणातला) नाहीच, असा दावा झाला. तुलनेत अधिक जाती घेताच तो टिकला नाही. गिनीपिग कृंतकच आहे, हे शरीररचनेचे अभ्यासक आधीपासून सांगत होते. प्रतिध्वनीवर दिशा ओळखणाऱ्या वटवाघळांत आणि डॉल्फिनमध्ये प्रेस्टिन या श्रवणाशी संबंधित प्रथिनात सारखेच बदल झालेले २०१० मध्ये दिसले. त्या एकट्या प्रथिनावरून वृक्ष काढला तर डॉल्फिन वटवाघळांत जाऊन बसतो. म्हणजे अभिसरण जनुकांतही होते, आणि म्हणून एका जनुकावर भिस्त ठेवता येत नाही.

संपूर्ण जीनोम घेतला तरी त्यातील सगळे भाग एकच कथा सांगत नाहीत. मानवाचा सर्वांत जवळचा आप्त चिंपांझी आहे, पण गोरिलाच्या जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात मानव आणि चिंपांझी हे एकमेकांना सर्वांत जवळचे नाहीत. पूर्वजांच्या मोठ्या समूहात एकाच जनुकाची अनेक रूपे होती आणि शाखा फुटताना ती निरनिराळ्या वंशांत विखुरली, हे त्याचे कारण. अपरा असलेल्या सस्तनांच्या वृक्षात सर्वांत आधी कोणती शाखा फुटली, हा वाद बऱ्याच अंशी याच गुंत्यामुळे चालू आहे. काळाबद्दलही मतभेद आहेत. ८६ जिवंत आणि जीवाश्म जातींची ४,५४१ लक्षणे जनुकांसह तपासणाऱ्या २०१३ च्या अभ्यासाने या गटाचा विस्तार ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर ठेवला. जनुकीय बदलांच्या वेगावरून केलेली बहुतेक अनुमाने मात्र महाविनाशाच्या आधीचा काळ सांगतात.

नष्ट झालेल्या बहुतेक जातींबाबत हाडांनाच विचारावे लागते, कारण डीएनए टिकत नाही. सस्तनाच्या हाडांतून मिळालेला सर्वांत जुना डीएनए मॅमथच्या दातांतला, दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा. उष्ण प्रदेशात तो आणखी लवकर नासतो. अशा ठिकाणी प्रथिने उपयोगी पडू लागली आहेत. दक्षिण अमेरिकेतील टॉक्सोडॉन आणि मॅक्राऊकेनिया हे अवाढव्य खुरी प्राणी कोणाचे नातेवाईक, हा प्रश्न चार्ल्स डार्विनने त्यांची हाडे गोळा केल्यापासून सुटला नव्हता. २०१५ मध्ये त्यांच्या हाडांतील कोलॅजेन या प्रथिनाच्या क्रमावरून ते घोडा, गेंडा व टॅपिर या विषमखुरींच्या जवळचे ठरले. दोन वर्षांनी मॅक्राऊकेनियाच्या मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) डीएनएनेही तेच नाते दाखवले.